महोत्सव क्रीक रोड ओलांडतो का?

टांझानियाच्या झांझिबार बेटावरच्या शहराच्या मधून एकेकाळी खाडी जात असे. समुद्राच्या बाजूला दगडी वाड्यांचे स्टोन टाउन, तिथे सुलतान, अरब जमीनदार, हिंदी व्यापारी आणि वकिलाती. खाडीच्या पलीकडे न्गाम्बो. तिथे मातीच्या भिंती, झावळ्यांची छपरे आणि मुक्त झालेले गुलाम, हमाल, मोलकरणी, मासेमार. पुढे खाडी बुजवली, वर रस्ता झाला, त्याला क्रीक रोड म्हणू लागले. आज पाटीवर माजी राष्ट्राध्यक्ष बेंजामिन म्कापा यांचे नाव आहे, पण बोलताना लोक जुनेच नाव घेतात. 12 जानेवारी 1964 च्या क्रांतीनंतर स्टोन टाउनमधले बरेच अरब आणि हिंदी मालक निघून गेले, त्यांची घरे सरकारजमा झाली आणि पलीकडची कुटुंबे तिथे राहायला आली. न्गाम्बोत मिचेंझानीला पूर्व जर्मनीच्या मदतीने लांबलचक चाळीवजा इमारती उभ्या राहिल्या. 2000 साली युनेस्कोने स्टोन टाउनला जागतिक वारशाचा दर्जा दिला, वाड्यांची हॉटेले झाली आणि पैसा पुन्हा रस्त्याच्या समुद्राकडच्या बाजूला येऊन बसला.

या शहरात 2004 पासून दर फेब्रुवारीत ‘साउती झा बुसारा’ हा संगीत महोत्सव होतो. जागा न्गोमे कोंग्वे, म्हणजे ओमानी अरबांचा जुना किल्ला. माली, काँगो, रीयुनियन, युगांडा, दक्षिण आफ्रिका, कोमोरोस अशा ठिकाणचे कलाकार येतात, आणि वाजते ते सगळे थेट. ट्रॅक लावून ओठ हलवायला परवानगी नाही. पूर्व आफ्रिकेत ही अट साधी नाही, कारण तिथल्या लोकप्रिय गायकांचे बहुतेक कार्यक्रम सीडी नाहीतर लॅपटॉप लावूनच होतात. त्याला खर्च कमी. या एका अटीमुळे वादकांच्या एका पिढीला काम मिळाले. मुख्य भूमीचे आणि बेटाचे, तारब हे बेटाचे जुने संगीत वाजवणारे आणि रेगे वाजवणारे, बुरखा घालून आलेल्या आजी आणि बर्लिनहून आलेले पाठपिशवीवाले, सगळे एका हिरवळीवर बसतात. कलेच्या बाबतीत सरमिसळ होते यात शंका नाही.

माझा आक्षेप त्यानंतरच्या वाक्याला आहे. अशा प्रत्येक महोत्सवाच्या अहवालात ते असते: ‘कलाकार, उद्योजक आणि समाज यांना आम्ही जोडले.’ पुरावा म्हणून प्रेक्षकसंख्या, देशांची संख्या, कार्यशाळांची संख्या आणि छायाचित्रे. क्रीक रोडपलीकडच्या वादकाला बिदागी कोणत्या तारखेला मिळाली, पिशव्या शिवणाऱ्या बाईला मिळालेली ऑर्डर पुरी झाली का, आणि पलीकडच्या मुलीला रात्री घरी जायला गाडी होती का, हे त्यात नसते. जोडणे या तीन ठिकाणी होते किंवा तुटते. सार्वजनिक पैसा, मग तो झांझिबार सरकारचा असो की परदेशी दूतावासाचा, याच गोष्टींच्या हिशोबावर द्यावा असे माझे म्हणणे आहे.

हे म्हणणे उसने नाही, तारबच्या इतिहासातच त्याचे मूळ आहे. तारब हे सुलतानाच्या दरबारातले संगीत. सुलतान बर्गाशने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोहम्मद बिन इब्राहिम याला शिकायला कैरोला पाठवले, तिथून कानून आणि औद या तंतुवाद्यांची परंपरा आली. गाणी अरबीत, ऐकणारे दरबारी. 1905 मध्ये ‘नादी इख्वान सफा’ हा क्लब निघाला, तोही प्रतिष्ठितांचा. ही भिंत पाडली ती सीती बिंती सादने. फुंबा गावची, गुलामांच्या घराण्यातली, डोक्यावर मडकी घेऊन ती विकत गावोगाव फिरणारी बाई. ती शहरात आली, गाणे शिकली आणि तारब स्वाहिलीत गाऊ लागली. न्यायाधीशाचा अन्याय, बाईवरचा अत्याचार, कारकुनाची अफरातफर, सगळे गाण्यात. मार्च 1928 मध्ये ती साथीदारांसह बोटीने मुंबईला आली आणि ‘हिज मास्टर्स व्हॉइस’साठी तिने ध्वनिमुद्रण केले. पूर्व आफ्रिकेतल्या बाईच्या आवाजाची ही पहिली तबकडी. आपल्या गिरगाव-दादरच्या गायिकांच्या तबकड्या निघण्याच्या त्याच काळात, त्याच शहरात हे घडले, आणि मराठी संगीताच्या इतिहासात त्याचा उल्लेख क्वचितच सापडतो. तबकड्या खपल्या आणि न्गाम्बोच्या कॉफीच्या टपऱ्यांवर वाजल्या. सीतीला दरबाराने मोठे केले नाही. तिचा श्रोता पलीकडे राहत होता, तो पैसे देत होता आणि तिच्या गाण्यात आपले नाव शोधत होता.

तो पैसे कसे देत होता, हे नीट पाहिले पाहिजे. तारबच्या मैफिलीत श्रोता उठतो, बहुधा बाईच उठते, नाचत, झोके घेत मंचापर्यंत जाते आणि गायिकेच्या हातात नाहीतर पुढ्यातल्या ताटलीत नोट ठेवते. याला कुतुंझा म्हणतात. आपल्याकडे तमाशातली दौलतजादा ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळे सांगायला नको. फरक एवढाच की इथे देणाऱ्या बहुतांशी बायका, आणि नोट देता देता त्या गाण्यातली ओळ समोर बसलेल्या एखाद्या शेजारणीकडे बघून म्हणतात. टोमण्याची किंमत नोटेने मोजली जाते. 1990 च्या दशकातल्या नव्या तारबात, म्हणजे की-बोर्ड आणि इलेक्ट्रिक गिटारवरच्या, हे टोमणेच मुख्य झाले. दाद, वर्गणी आणि भांडण या तिन्हींचा व्यवहार त्या चालत जाण्यात असतो.

आता महोत्सवाचा मंच पाहा. जमिनीपासून चारपाच फूट वर, पुढे लोखंडी कठडा, कठड्याच्या आत छायाचित्रकार आणि रखवालदार. सुरक्षेच्या दृष्टीने सगळे बरोबर. पण न्गाम्बोहून आलेली बाई नोट घेऊन निघते, कठड्यापाशी अडते आणि परत येऊन बसते. त्या क्षणी ती श्रोता न राहता पर्यटकासारखी प्रेक्षक होते. उपाय फुकटचा आहे: तारबच्या संचासाठी कठड्यात मीटरभर रुंदीची फट, तिथून मंचावर जाणारी तीन-चार रुंद पायऱ्यांची शिडी, दोन्ही बाजूंना एकेक स्वयंसेविका, आणि गायिका शिडीच्या वरच्या टोकाला. छायाचित्रकारांना तेवढा वेळ बाजूला काढायचे. किल्ल्यात दोन मंच आहेत, मोठा हिरवळीवरचा आणि दुसरा गोलाकार पायऱ्यांच्या प्रेक्षागाराचा. तारब दुसऱ्यावर ठेवला तर शिडीचीही गरज नाही, कारण तिथे वादक आणि श्रोते जवळपास एका पातळीवर असतात.

ध्वनीचेही तसेच. तारबचा मोठा संच पंधरा-वीस जणांचा: चार-सहा व्हायोलिन, कानून, औद, नय (बासरी), अकॉर्डियन, डबल बास, दरबुका (हाताने वाजवायचा ढोल), शिवाय कोरस. प्रत्येक व्हायोलिनला चिमट्याचा माइक, कानूनच्या सत्तरहून अधिक तारांसाठी खाली एक आणि वर एक. आवाज मिसळायच्या यंत्रावर वीसहून जास्त वाहिन्या सहज लागतात. दोन कार्यक्रमांमध्ये पंधरा मिनिटे ठेवली तर पहिली दोन गाणी व्हायोलिन ऐकू न येताच जातात, आणि मग समीक्षक लिहितात की पारंपरिक संगीत मोठ्या मंचावर फिके पडते. ते फिके पडत नाही, त्याला चाळीस मिनिटे दिलेली नसतात. ढोलवाल्यांची अडचण आणखी साधी. समुद्रकाठच्या दमट हवेत कातडे सैल पडते. ते आवळायला वादक नारळाच्या झावळ्या किंवा कागद पेटवून ढोल त्यावर धरतात. किल्ल्यात तंबूंच्या शेजारी जाळ करायला अग्निसुरक्षेचा माणूस परवानगी देत नाही, आणि त्याचेही बरोबर आहे. मग ढोल सैल वाजतात. मंचामागे कोळशाची लोखंडी शेगडी, शेजारी वाळूच्या दोन बादल्या, एक जबाबदार माणूस आणि कार्यक्रमाआधी वीस मिनिटे, इतकेच लागते. पण ते तांत्रिक मागण्यांच्या यादीत लिहावे लागते, आणि ती यादी इंग्रजीतल्या छापील नमुन्यावर भरली जाते. त्या नमुन्यात गिटारच्या अॅम्प्लिफायरसाठी रकाना आहे, शेगडीसाठी नाही.

पैशाकडे येऊ. तिकिटांचे दर तीन पातळ्यांवर असतात: टांझानियाच्या नागरिकाला अगदी कमी, आफ्रिकेतल्या इतरांना मधला, बाकीच्यांना डॉलरात भरपूर. ही पद्धत उत्तम आहे, तिच्यावर टीका करणाऱ्या पर्यटकांकडे लक्ष देऊ नये. पण तिकीट हा न्गाम्बोच्या कुटुंबासाठी सगळ्यात लहान खर्च आहे. शहरातल्या डाला-डाला, म्हणजे सामायिक मिनीबस, रात्र चढत जाते तशा विरळ होतात. मुख्य कलाकार मंचावर येतो तेव्हा बरेचदा अकरा वाजून गेलेले असतात. परतीला टॅक्सी म्हणजे तिकिटाच्या कितीतरी पट. घरातल्या मुली, सुना, शाळेत जाणारी मुले अशा वेळी येतच नाहीत. येतात ते तरुण मुलगे, आणि अहवालात त्यांना ‘स्थानिक समाज’ म्हणतात.

म्हणून वेळापत्रक उलटे करावे. फेब्रुवारीत झांझिबारला सूर्य पावणेसातच्या आसपास मावळतो. अस्रच्या नमाजानंतर, साडेचारला सुरू करून मगरिबपर्यंत, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजापर्यंत, एक भरगच्च भाग, त्यात बाहेरून आलेला एखादा खरोखर मोठा संच. उरलेसुरले नवखे त्यात ढकलायचे नाहीत. अजानच्या वेळी मंच थांबवायची पद्धत आहेच, ती पाळावी. त्यानंतर रात्रीचा भाग पर्यटकांसाठी आणि जागणाऱ्यांसाठी. रात्री बारा आणि एक वाजता बुबुबू, अमानी आणि विमानतळाच्या दिशेने प्रत्येकी दोन मिनीबस ठरवून ठेवाव्यात, भाडे तिकिटातच धरावे, आणि गाडीचा क्रमांक व सुटण्याची जागा तिकिटाच्या मागे छापावी. चालकाला पैसे प्रवाशांच्या हिशोबाने दिले तर तो गाडी भरायची वाट बघत उभा राहतो; रात्रीचा ठोक दर ठरवला तर वेळेवर निघतो.

वादकाची बिदागी हा भाग सगळ्यात कमी बोलला जातो. लांबच्या देशाच्या संचाला करार, विसार, विमानाची तिकिटे हे सगळे आधी मिळते, कारण त्याशिवाय तो येतच नाही. स्थानिक संचाला ‘नंतर बघू’. देणगीदाराचा शेवटचा हप्ता अहवाल मंजूर झाल्यावर येतो, तोवर दोन-तीन महिने जातात, आणि ते दोन-तीन महिने कोणाच्या तरी खिशातून जातात. खिसा नेहमी स्थानिक माणसाचाच असतो. नियम एकच हवा: निम्मे करारावर सही होताच, निम्मे मंचावरून उतरल्यावर त्याच रात्री, मोबाइलवर. पैसे पाठवायची सोय टांझानियात घराघरात आहे, बँकेची सबब चालत नाही. आणि पैसे संचाच्या म्होरक्याच्या नावावर एकगठ्ठा न देता वादकांची यादी घेऊन प्रत्येकाला थेट पाठवावेत. पंधरा जणांच्या संचात दरबुकावाल्याला किती मिळते हे म्होरक्या सांगेलच असे नाही. मुख्य भूमीहून येणाऱ्या संचाला आणखी एक कटकट आहे. दार-एस-सलामहून वेगवान फेरी सुमारे दोन तासांत पोचते, पण कार्यक्रम रात्रीचा म्हणून मुक्काम ठरलेलाच, बारा जणांचा. शिवाय बेटाची कला परिषद वेगळी, मुख्य भूमीची वेगळी. कॉपीराइटच्या संस्थाही दोन, इकडे कोसोझा, तिकडे कोसोटा. परवानगीचे कागद आयोजकाने काढले नाहीत तर लहान संच येण्याच्या फंदातच पडत नाही.

आता उद्योजक. महोत्सवाला लागून असलेल्या भेटीगाठींच्या बैठकीत कार्यक्रम ठरवणारे, एजंट, पत्रकार येतात, कलाकारांशी ओळखी होतात आणि त्यातून दौरे मिळतात. संगीतवाल्यांना याचा उपयोग आहे. पण ‘सर्जनशील उद्योजक’ या छत्रीखाली जी न्गाम्बोची बाई येते, तिला ओळखीची फारशी टंचाई नाही, टंचाई आहे ती खेळत्या भांडवलाची. कांगाच्या पिशवीचे गणित मांडून बघा. कांगा म्हणजे साधारण दीड मीटर लांब, एकशेदहा सेंटिमीटर रुंद सुती कापड, चहूबाजूंनी किनार, मधे नक्षी आणि खाली स्वाहिलीत एक म्हण. बाजारात जोडीने मिळतो, त्या जोडीला डोटी म्हणतात. एका कांगातून मध्यम आकाराच्या तीन पिशव्या निघतात. पण किनार आणि म्हण दोन्ही पिशवीवर नीट यायला हवी तर दोनच, बाकी कापड बंदांना आणि खिशाला. पायाच्या मशिनवर एकटी बाई दिवसाला सहा ते आठ पिशव्या शिवते, अस्तर असेल तर पाच.

समजा एका हॉटेलची खरेदी बघणारा माणूस महोत्सवात तिच्या गाळ्यावर आला आणि म्हणाला, दोनशे पिशव्या, तीन आठवड्यांत. टाळ्या, छायाचित्र, अहवालात एक ओळ. दोनशे पिशव्यांना शंभर कांगा, म्हणजे पन्नास डोटी, एकाच नक्षीच्या. घाऊक व्यापारी एवढा माल उधारीवर देत नाही. तिच्याकडे रोख दहा डोटींची. शिवायला एकटीला पंचवीस ते तेहतीस दिवस, तेही सुटी न घेता. हॉटेलची पद्धत माल पोचल्यावर महिन्याने पैसे देण्याची. ऑर्डर बुडते, आणि पुढच्या वर्षी हॉटेलवाला सांगतो की स्थानिक बायकांना वेळेची किंमत नाही. तो तिच्याशी जोडला गेला होता की नाही? गेला होता. म्हणून तर बदनामी झाली.

इथे महोत्सवाने करायचे काम ओळख करून देण्याचे नव्हे, मधे उभे राहण्याचे आहे. निम्म्या विसाराशिवाय ऑर्डर नोंदवायची नाही, ही अट गाळा घेताना दोन्ही पक्षांना लिहून द्यायला लावायची. मोठी ऑर्डर चार-पाच शिवणाऱ्यांत वाटायची, पण एकच कागदी नमुना, एकच बंदाची लांबी, आणि दहाव्या पिशवीला तपासणी, म्हणजे चूक असेल तर पुढच्या पिशव्या वाचतात. घाऊक व्यापाऱ्याकडून डोटी महोत्सवाच्या हमीवर उचलायच्या. कांगा टांझानिया-केनियात छापतात, भारतातूनही जातात. सौराष्ट्रातल्या जेतपूरच्या कारखान्यांचा हा जुना धंदा. व्यापाऱ्याला एकगठ्ठा घेणारा मिळाला तर तो दर खाली आणतोच. आणि गाळ्यावर म्हणीचा अर्थ सांगणारी चिठ्ठी प्रत्येक पिशवीला हवी. अर्थ न कळता शेजारणीला उद्देशून लिहिलेला जहरी टोमणा खांद्यावर मिरवणारे पर्यटक झांझिबारला पुष्कळ दिसतात. विनोद सोडला तर अर्थ सांगितल्यावर तीच पिशवी जास्त दराने जाते.

चित्रांच्या गाळ्यांचे दुखणे निराळे. एडवर्ड सईदी टिंगाटिंगाने 1968 च्या सुमारास दार-एस-सलामला चौकोनी हार्डबोर्डवर सायकलच्या चकचकीत रंगाने प्राणी-पक्षी रंगवायला सुरुवात केली. 1972 मध्ये तो गेला आणि शैली मागे राहिली. आज स्टोन टाउनच्या गल्ल्यांत तीच ती चित्रे शेकड्यांनी टांगलेली असतात. दुकानदार डझनावर घेतो, रंगवणाऱ्याला तुकड्यावर पैसे मिळतात, सही कोणाचीही. महोत्सवात गाळा दुकानदारालाच मिळतो, कारण गाळ्याचे भाडे आगाऊ भरायची ऐपत त्याचीच. भाडे आगाऊ न घेता विक्रीच्या दहा टक्के घ्या आणि गाळ्यावर रंगवणारा स्वतः बसलाच पाहिजे ही अट घाला, निम्मे दुकानदार आपोआप गळतील. टक्केवारीत विक्री लपवली जाईल ही भीती खरी आहे, पण लपवली तरी महोत्सवाचे नुकसान थोडे आणि चित्रकाराचा फायदा मोठा. मेंदी काढणाऱ्या बायकांना मात्र सवलतीबरोबर नियमही हवा. काळा कुळकुळीत रंग झटपट यावा म्हणून मेंदीत केस काळे करायचा डाय मिसळतात. त्यातल्या रसायनाने कातडीला फोड येतात आणि कायमचे डाग राहू शकतात. फक्त पाल्याची लालसर मेंदी, नाहीतर गाळा नाही. एका पर्यटकाच्या हातावर फोड आले की त्याची शिक्षा सगळ्या बायकांना होते.

एवढे सगळे करण्यापेक्षा महोत्सव रस्त्यावरच का नेऊ नये, तिकीटच का ठेवावे, असा सवाल येतो, आणि अक्राचे उदाहरण दिले जाते. घानाच्या राजधानीत जेम्सटाउन या जुन्या कोळीवाड्यात 2011 मध्ये ‘चाले वोते’ हा पथकला महोत्सव सुरू झाला. दोन जुन्या गढ्यांमधला रस्ता, भिंतींवर चित्रे, मिरवणुका, सायकलच्या कसरती, सगळे फुकट. वस्तीतली पोरे आणि शहराच्या श्रीमंत भागातली पोरे एका रस्त्यावर येतात, हे तिकीटवाल्या कुठल्याही महोत्सवाला इतक्या सहज जमलेले नाही. पण फुकट रस्त्याचा एक स्वभाव असतो: गर्दी वाढली की तिच्यामागे शीतपेयाच्या आणि फोनच्या कंपन्यांचे तंबू येतात, ध्वनिक्षेपक येतात, आणि रस्त्याच्या मधोमध अंग रंगवून सादरीकरण करणारा कलाकार त्या गोंगाटात हरवतो. वस्तीला मिळतात ते तीन-चार दिवस कोंबडी, केळीचे काप आणि थंड पाणी विकल्याचे पैसे. ते कमी लेखू नयेत. मात्र भिंत रंगवणाऱ्याची मजुरी त्यातून निघत नाही.

मालीतल्या सेगूचा रस्ता मला जास्त पटतो. नायजर नदीकाठचा हा महोत्सव 2005 मध्ये सुरू झाला तो मामू दाफे आणि गावातल्या हॉटेलवाल्या-धंदेवाल्यांच्या पुढाकाराने. त्यांचा हिशोब सरळ होता: पाहुणे आले तर खोल्या भरतील, खोल्या भरल्या तर विणकर आणि कुंभारांचा माल जाईल, म्हणून महोत्सवाचा खर्च आपणही उचलायचा. मंच नदीत तरंगणारा, काठावर प्रेक्षक. त्याच गावात बुबकर दुंबियाचे न्दोमो केंद्र बोगोलान कापड करते. हातमागाच्या अरुंद पट्ट्या शिवून केलेले सुती कापड, न्गालामाच्या पानांच्या काढ्यात भिजवून पिवळे करायचे, वाळवायचे, आंबवलेल्या नदीच्या चिखलाने वर नक्षी काढायची, मग धुवायचे. पानातल्या टॅनिनशी चिखलातले लोह बांधले जाते आणि काळा रंग पक्का बसतो. घाई करून काढ्याचा एक हात कमी दिला की काळा राखाडी होतो आणि पहिल्या धुण्यात उतरतो. दुंबियाने गावातल्या पोरांच्या वयोगटांच्या जुन्या संघटनेवरच कारखान्याची घडी बसवली: काम शिकायचे, मोठ्याने लहानाला शिकवायचे, कमाईतला वाटा ठरलेला. महोत्सव काही दिवसांचा, केंद्र बारमाही. 2012 च्या बंडाळीत मालीचे पर्यटन कोसळले, तिंबक्तूजवळचा वाळवंटातला महोत्सव त्या वर्षानंतर तिथे होऊ शकला नाही, सेगू तगले. कारण एकच नसेल, पण खर्चात गावाचा वाटा होता हे त्यातले मोठे कारण आहे असे मी मानतो.

झांझिबारने नेमके हेच शिकायचे आहे. 2016 चा साउती झा बुसारा पैशांअभावी रद्द झाला. 2009 च्या डिसेंबरपासून 2010 च्या मार्चपर्यंत समुद्राखालची विजेची केबल निकामी झाल्याने अख्खे बेट तीन महिने अंधारात होते. त्या फेब्रुवारीतही जनरेटरवर महोत्सव झाला होता. अंधाराने जे थांबले नाही ते देणगीदाराच्या माघारीने थांबले. 2022 च्या जनगणनेत बेटांची लोकसंख्या एकोणीस लाखांच्या आत आहे आणि 2024 मध्ये पर्यटक आले सात लाखांहून जास्त. हॉटेलात राहणाऱ्याकडून सरकार कर घेतेच. माणशी अर्धा डॉलर जरी कलेसाठी वेगळा काढला तरी साडेतीन लाख डॉलर होतात. तो पैसा सरसकट महोत्सवाच्या तिजोरीत टाकू नये. बिदागी त्याच रात्री दिल्याच्या पावत्या, निम्म्या विसाराच्या ऑर्डरींची यादी व नव्वद दिवसांनी त्यातल्या किती पुऱ्या झाल्या, आणि रात्रीच्या बसच्या फेऱ्या, एवढे दाखवले की हप्ता सुटावा. सरकारी पैसा आला की गाण्यातली टीका जाईल, असे म्हणणाऱ्यांची भीती पोकळ नाही. बेटाच्या निवडणुकांचा इतिहास रक्तरंजित आहे. म्हणूनच अट पावत्यांची असावी, कार्यक्रमपत्रिका सरकारला दाखवायची सोयही ठेवू नये.

एक निर्णय मात्र लांबवता येणार नाही. 2027 मध्ये रमजान साधारण 8 फेब्रुवारीला सुरू होतो, 2028 मध्ये जानेवारीच्या शेवटी, 2029 मध्ये जानेवारीच्या मध्यात. म्हणजे नेहमीचा फेब्रुवारी दोन-तीन वर्षे मिळणार नाही. ईदनंतर ढकलावे तर 2027 मध्ये मार्चचा मध्य उजाडतो आणि मसिकाचा, म्हणजे तिथला मोठा पाऊस दाराशी असतो. उघड्या किल्ल्यात ध्वनियंत्रणा ताडपत्रीखाली झाकून बसावे लागेल. पर्यटकांचा हंगाम बघून महोत्सव जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात आणला तर 12 जानेवारीच्या क्रांतिदिनाचे सरकारी सोहळे आडवे येतात, हॉटेलांचे दर वर्षअखेरीचे असतात आणि बाहेरचे संच परवडत नाहीत. जुलैत हवा कोरडी असते. चित्रपट महोत्सव त्याच सुमारास होतो, त्याच्याशी ध्वनियंत्रणेचे आणि तंबूंचे भाडे वाटून घेता येईल. माकुंदुचीला म्वाका कोग्वाचे नवे वर्ष साजरे होते तेव्हा दक्षिणेकडची गावे तशीही सणाच्या तयारीत असतात. युरोपातही सुट्या असतात, पण तिथल्या महोत्सवांचाही हाच हंगाम, तेव्हा नामांकित संच थोडे कमी मिळतील. ती जागा तारब क्लबांना आणि ढोलवाल्यांना द्यावी, आणि पहिला दिवस किल्ल्यात न ठेवता मिचेंझानीच्या मैदानावर ठेवावा.